लिनक्स पुन्हा न टाकता घरच्या सर्व्हरचा बोर्ड बदलला: अमळनेरच्या नोंदी, एप्रिल 2025

5 एप्रिल, शनिवार

मार्चच्या मध्यापासून घरचा सर्व्हर दुपारी तीन-चारला गोठतोय. आज झाकण काढून पाहिलं. प्रोसेसरशेजारचे दोन कॅपॅसिटर वरून फुगलेत आणि एकाच्या बुडाशी तपकिरी डाग आहे. रॅमचा एक स्लॉट दिवाळीतच गेला होता, तेव्हापासून सगळं 4 जीबीवर चाललं होतं. एच61 चा मदरबोर्ड, आय3-2100 प्रोसेसर, म्हणजे 2011 च्या पिढीचा माल. बारा वर्षं अमळनेरचे उन्हाळे सोसले त्यानं. आता बदलायलाच हवा.

यात काय आहे ते सांगते, म्हणजे मी एवढी जपून का चालले आहे ते कळेल. 4 टीबीच्या दोन हार्ड डिस्क आहेत, एकीची नक्कल दुसरीवर अशा मिरर लावलेल्या. त्यांत घरचे फोटो, शाळेचं माझं सगळं काम आणि सासूबाईंच्या 23 कॅसेट उतरवलेल्या आहेत. त्यांना सगळं घर माय म्हणायचं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणायची अहिराणी गाणी, जात्यावरची, लग्नातली, सगळी त्यांच्या आवाजात. माय जाऊन चार वर्षं झाली. 30 तारखेला आखाजी आहे, दोन्ही नणंदा माहेरी येणार. त्याआधी हे उभं राहायला हवं.

लिनक्स नव्यानं का टाकत नाही? 2019 ला डेबियन 10 (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, तेच 11 वर आणि मग 12 वर चढवत आणलं. मधल्या सहा वर्षांत केलेल्या बारीकसारीक गोष्टी कुठेच लिहिलेल्या नाहीत: रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट, सांबाचे युजर, डॉकरचे कंटेनर, आबांच्या (सासऱ्यांच्या) टीव्हीसाठी केलेली जुळवाजुळव. नवीन टाकलं तर एक दिवस इन्स्टॉलला आणि दोन महिने "अरे, हे राहिलं" म्हणण्यात जातील. लिनक्सच्या कर्नलसोबत (सिस्टमच्या गाभ्यासोबत) बहुतेक ड्रायव्हर येतातच, त्यामुळे तीच एसएसडी नव्या बोर्डाला लावून मशीन उठायला हरकत नाही.

आज फक्त दोन कामं केली. गाणी, फोटो आणि सिस्टमच्या सेटिंगचं ईटीसी फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतलं, आणि त्यातली पाच गाणी उघडून शेवटपर्यंत ऐकली. कॉपी झाली म्हणजे फाइल धड आहे असं होत नाही. मग वहीत उतरवलं: डिस्कच्या कोणत्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) काय, नेटवर्क कार्डाचं नाव (ईएनपी2एस0), आयपी पत्ता, मिररमधल्या दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर. वहीतच लिहायचं, कारण मशीन बंद असताना मशीनवरची नोंद वाचता येत नाही.

(नंतरची भर: एक गोष्ट तपासायची राहिली. सिस्टम जुन्या बायोस पद्धतीनं बूट होते की यूईएफआयनं? मशीन चालू झाल्यावर सिस्टम शोधून उठवायच्या या दोन पद्धती. सिस नावाच्या फोल्डरमध्ये फर्मवेअरच्या आत ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर जुनी पद्धत. एका ओळीची तपासणी. ती न केल्यानं 13 तारखेचा सगळा रविवार गेला.)

8 एप्रिल, मंगळवार

सकाळची शाळा सुटल्यावर गाडीनं जळगाव, गोलाणी मार्केट. आय3-12100 प्रोसेसर, एच610 चा डीडीआर4 बोर्ड, 8 जीबीच्या दोन रॅम, 500 जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी). एका दुकानात मला ठामपणे सांगण्यात आलं की बोर्ड बदलला की फॉरमॅट मारावाच लागतो, विंडोज असो की लिनक्स. मी वाद घातला नाही. पण घरी येताना ठरवलं की या नोंदी पूर्ण करायच्याच.

12 एप्रिल, शनिवार

दुपारी घराबाहेर पडवत नाही, म्हणून रात्री आठला गच्चीवर कॅबिनेट उघडलं. धुळीचा थर इतका की पंख्याची पाती राखाडी मऊ कापडाची वाटत होती. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो उलटा गरगर फिरतो आणि त्याची बेअरिंग खराब होते.

जुना बोर्ड निघाला, नवा बसला आणि काम थांबलं. नव्या बोर्डाला प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनांची जागा आहे, जुन्या एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) चारच पिनांची वायर. चार पिनांवरही बरेच बोर्ड चालतात म्हणे, पण एवढ्या वर्षांच्या एसएमपीएसवर नवं सामान लावायला मन धजेना. गावातलं दुकान नऊला बंद व्हायच्या आत गाठलं, 2,900 रुपयांचा नवा घेतला. विकत घ्यायला निघण्याआधी जुन्या एसएमपीएसच्या वायरी मोजा.

13 एप्रिल, रविवार

आजचा दिवस वाया गेला, दोन कारणांनी.

पहिलं कारण कूलर. प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरला चार पाय असतात, प्रत्येक पाय बोर्डाच्या भोकात दाबला की "टक्" असा आवाज येऊन आत फाकतो. मी चारही दाबले, चार वेळा टक् ऐकलं असं वाटलं. मशीन चालू केलं, बायोसच्या (बोर्डाच्या सेटिंगच्या) स्क्रीनवर तापमान बघत बसले. 64, 71, 79. थांबेचना. 88 ला वायर ओढली. बोर्ड बाहेर काढून पाठीमागून टॉर्च मारला. तीन पाय फाकून घट्ट बसलेले, चौथ्याची पांढरी नखी वाकून भोकाच्या काठावरच अडकलेली, आणि त्या कोपऱ्यात कूलर आणि प्रोसेसर यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. टक् आवाज शेजारच्या पायाचा होता. नखी सरळ केली, कंपनीची पेस्ट पुसून नवी लावली (250 रुपये), आणि यावेळी बोर्ड टेबलावर ठेवून समोरासमोरचे पाय एकाआड एक दाबले. प्रत्येक पाय पाठीमागून डोळ्यांनी बघितला. नंतर तापमान 43 वर स्थिर, तेही खोली 37 अंश असताना. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधीच कूलर लावा, पाठ बघायला मिळते.

दुसरं कारण जास्त मोठं. जुनी एसएसडी लावली, तर बायोसला ती दिसते पण बूटच्या यादीत येत नाही. केबल बदलली, पोर्ट बदललं, सेटिंग तीनदा मूळपदावर आणली. जुन्या पद्धतीच्या बूटसाठी सीएसएम नावाचा पर्याय असतो, तो शोधला, तर राखाडी, दाबताच येत नाही. चार तास गेल्यावर उमगलं. 2019 ला मी डेबियन जुन्या बायोस पद्धतीनं टाकलेलं होतं. या पिढीच्या इंटेल बोर्डांवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ती पद्धत चालतच नाही, फक्त यूईएफआय. डिस्क धड होती, बोर्डही धड होता. एसएसडीच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसलेला ग्रब (सिस्टम उठवणारा प्रोग्राम) त्या बोर्डाला वाचताच येत नव्हता.

आबा दोनदा येऊन बघून गेले. "चालू व्हयना का व, तुन्हा डबा?" म्हटलं, उद्या. त्यांनी बाज ओढून जवळच टाकली आणि तिथेच आडवे झाले.

14 एप्रिल, सोमवार

सकाळी शाळेत आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम झाला, दोनला घरी. दोन ते साडेनऊ हेच काम.

जुन्या एसएसडीला हातच लावायचा नाही असं ठरवलं. ती जशी आहे तशी राहिली तर वेळ पडल्यास दुसऱ्या एखाद्या जुन्या मशीनवर उठेल. सगळे बदल नव्या एनव्हीएमईवर. डीडी या आज्ञेनं सेक्टर-सेक्टर नक्कल करायचा मोह होता, पण त्यात दोन अडचणी: जुनी पार्टिशन पद्धत तशीच येते, आणि दोन्ही डिस्कचे यूयूआयडी एकसारखे होतात. मग दोन्ही जोडलेल्या असताना आपण नेमके कोणावरून चाललो आहोत ते कळत नाही.

डेबियनच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं. एनव्हीएमईवर जीपीटी या नव्या पद्धतीनं तीन पार्टिशन: 512 एमबीचं फॅट32 (ईएफआयसाठी), 4 जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा), उरलेलं ईएक्सटी4. मग फाइली उतरवायला आरसिंक. यात छोटा ए पुरत नाही. मोठा ए, मोठा एक्स, मोठा एच आणि न्यूमेरिक-आयडीज हे चारही लावले, म्हणजे परवानग्या, जास्तीचे गुणधर्म, हार्डलिंक आणि मालकांचे आकडे जसेच्या तसे येतात. 38 जीबीला वीसेक मिनिटं लागली.

मग नव्या डिस्कवरची एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) उघडून रूट आणि स्वॅपचे नवे यूयूआयडी लिहिले, ईएफआय पार्टिशनची एक ओळ वाढवली आणि डेव्ह, प्रॉक, सिस जोडून सीएचरूटमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवरच्या सिस्टमच्या आत काम करायला, शिरले. जुना ग्रब-पीसी काढून ग्रब-ईएफआय घालायचा होता. आत नेट चालेना. लाइव्ह सिस्टमची रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइल आत कॉपी केल्यावर चाललं.

ग्रब-इन्स्टॉल दिला, तर उत्तर आलं की या सिस्टमवर ईएफआय व्हेरिएबल चालत नाहीत. पुन्हा बायोसमध्ये जाऊन शोधाशोध केली, अर्धा तास गेला. चूक बायोसमध्ये नव्हतीच. सिस फोल्डर मी साध्या बाइंडनं जोडलं होतं. त्यानं सिसच्या पोटात वेगळं माउंट झालेलं ईएफआयव्हार्स आत येत नाही. बाहेर येऊन आरबाइंडनं जोडलं, त्याच आज्ञेनं ग्रब एका दमात बसला.

रीबूट. ग्रबचा निळा मेनू आला तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. एंटर दाबलं. काळा पडदा, अर्धा मिनिट शांतता, आणि मग ओळ आली की अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही, शेलमध्ये टाकत आहे. खाली कंसात इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं छोटं गाठोडं.

यूयूआयडी वहीशी ताडला, बरोबर. त्या शेलमध्ये डेव्ह फोल्डर बघितलं तर एनव्हीएमईचं नावच नाही. तिथे लक्षात आलं. दोन-तीन वर्षांपूर्वी बूटची छोटी पार्टिशन भरली होती, तेव्हा जागा वाचवायला मी इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्स "मोस्ट"चं "डेप" केलं होतं. डेप म्हणजे या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर बांधायचे. जुन्या मशीनला एनव्हीएमई नव्हतीच, मग तिचा ड्रायव्हर गाठोड्यात येणार कुठून? आणि मी सीएचरूटमध्ये ते गाठोडं नव्यानं बांधायला विसरले होते.

परत लाइव्ह, परत सीएचरूट. डेपचं मोस्ट केलं, अपडेट-इनिटरॅमएफएस सगळ्या कर्नलसाठी चालवलं. हे काम जुनं मशीन जिवंत असतानाच दोन मिनिटांत झालं असतं. तुम्ही बोर्ड बदलणार असाल तर स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ते सेटिंग बघा.

यावेळी सिस्टम पुढे सरकली आणि दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये गेली. याचं कारण लगेच कळलं. डेटाच्या दोन्ही डिस्क मी मुद्दाम काढून ठेवल्या होत्या, पण एफएसटॅब त्यांची वाट बघत होती. त्या ओळीत नोफेल घातलं, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडत नाही. साडेनऊला लॉगिनचा पडदा आला, वर माझंच जुनं होस्टनेम. बाहेर मिरवणुकीचे ढोल चालू होते, घरात कोणाला माझा आवाज ऐकू गेला नाही.

15 एप्रिल, मंगळवार

सर्व्हर चालू, पण नेटवर नाही. हॉलमधला टीव्ही एचडीएमआयनं जोडून बघितलं: नव्या बोर्डावर कार्डाचं नाव ईएनपी3एस0 झालंय, इंटरफेसेस फाइलमध्ये अजून ईएनपी2एस0. ही नावं कार्ड कोणत्या स्लॉटवर आहे त्यावरून पडतात, म्हणून बोर्ड बदलला की बदलणार हे धरूनच चाला. नुसतं नाव बदलून भागलं असतं. पण उद्या एखादं कार्ड लावलं तर आकडा पुन्हा सरकेल, म्हणून सिस्टमडी-नेटवर्कच्या फोल्डरमध्ये छोटी लिंक फाइल केली: हा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला की नाव लॅन0. ही फाइल इनिटरॅमएफएसमध्येही जाते, तेव्हा तो पुन्हा बांधावा लागतो. राउटरमध्ये जुन्या मॅकवर राखून ठेवलेला आयपी नव्या मॅकवर केला.

17 एप्रिल, गुरुवार

बूटला उगाच अर्धा मिनिट जास्त लागत होतं. सस्पेंड-रिझ्यूमच्या डिस्कची वाट बघून सोडून दिली असा संदेश. इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डीमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असते, तिच्यात जुन्या स्वॅपचा यूयूआयडी तसाच होता. नवा लिहिला, गेलं.

19 एप्रिल, शनिवार

आज डेटाच्या डिस्क जोडल्या. पाच दिवस थांबले ते यासाठी की सिस्टम डळमळीत असताना मायचा आवाज तिच्या हाती द्यायचा नव्हता.

एमडीस्टॅट (मिररची स्थिती सांगणारी फाइल) बघितलं. दोनपैकी एक. कंसात आडवी रेघ आणि एक यू. हात गार पडले. मिररमधली एक डिस्क दिसतच नाही. गाणी उघडली, वाजली, दुसऱ्या डिस्कवर सगळं होतं. तरीही डेटा पार्टिशन लगेच अनमाउंट केलं आणि मशीन बंद केलं. अशा वेळी घाईनं काही "दुरुस्त" करायचं नाही हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं.

वहीतल्या सीरियल नंबरवरून कोणती डिस्क ते ओळखलं. कर्नलच्या संदेशात त्या पोर्टवर साटा लिंक डाउन. केबल हातात घेतली तर तिला पकड देणारी धातूची क्लिपच नव्हती, जुन्या बोर्डासोबत आलेली साधी लाल केबल. झाकण लावताना रॅमच्या बाजूची वायर तिला टेकत होती आणि ती एका बाजूनं दोन मिलिमीटर वर आली होती. क्लिपवाल्या दोन केबल आणल्या, 240 रुपये. मशीन उठल्यावर डिस्क दिसली, पण मिररमध्ये आपोआप गेली नाही. मिरर सांभाळणाऱ्या एमडीएडीएमला री-अ‍ॅड सांगितलं. मिररला बिटमॅप (कोणते तुकडे बदलले त्याची नोंद) असल्यानं फक्त मधल्या काळात बदललेले तुकडे जुळवले, काही मिनिटांत दोन्ही यू. बिटमॅप नसता तर 4 टीबी पूर्ण पुन्हा लिहावे लागले असते.

रात्री पूर्ण तपासणी लावून झोपले. सकाळी बघितलं, दोन्ही डिस्कमध्ये फरक शून्य.

22 एप्रिल, मंगळवार

टीव्हीवर लग्नाचे जुने व्हिडिओ अडकत होते. दोन कारणं. व्हिडिओचा जुना आय965 ड्रायव्हर या प्रोसेसरला चालत नाही, इंटेल-मीडिया लागतो. आणि ग्राफिक्सचं फर्मवेअर आलेलंच नव्हतं. डेबियन 12 पासून फर्मवेअरचा विभाग वेगळा, नॉन-फ्री-फर्मवेअर या नावाचा झाला. मी 11 वरून वर आले तेव्हा सोर्सेस-लिस्टमध्ये तो लिहिलाच नव्हता. लिहिला, पॅकेज घातली, मायक्रोकोडही त्याच वाटेनं आला.

24 एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी वारं सुटलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर जाताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात सर्व्हर बंद पडला आणि बंदच राहिला. जुन्या बोर्डात लाइट आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग होतं, नव्यात ते मूळचं बंद असतं. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं तिथे "पॉवर ऑन" केलं. इन्व्हर्टरचं मागचं बटणही यूपीएसवर केलं, म्हणजे तो लवकर पलटतो. मग वायर काढून, लावून पाच वेळा बघितलं. पाचही वेळा स्वतः उठला, मिरर शाबूत.

26 एप्रिल, शनिवार

हिशेब. प्रोसेसर 9,800, बोर्ड 6,300, रॅम 3,000, एनव्हीएमई 3,100, एसएमपीएस 2,900, केबल 240, पेस्ट 250. एकूण 25,590 रुपये. वेळ साधारण 26 तास, त्यातले निदान 11 माझ्या न तपासण्यामुळे.

वॅटमीटरवर जुनं मशीन निवांत असताना 52 वॅट घ्यायचं, नवं दोन्ही डिस्कसकट 26. महिन्याला 19 युनिटच्या आसपास वाचतील. इन्व्हर्टरच्या बॅटरीवरचा त्याचा भारही निम्मा झाला, आणि मे महिन्यात मला त्याचंच जास्त मोल आहे. आज दुपारी बाहेर 43 असताना प्रोसेसर 49 वर होता. तीन-चारची ती वेळ आली आणि गेली, गोठला नाही.

30 एप्रिल, बुधवार, आखाजी

सकाळी मायच्या नावाची घागर भरली. खापरावरचे मांडे, आमरस. दुपारी अंगणातल्या लिंबाला झोका बांधला आणि व्हरांड्यात स्पीकर लावून सातवी कॅसेट सुरू केली. थोरल्या नणंदबाई, मोठ्या अक्का, हातातलं ताट तसंच धरून उभ्या राहिल्या. "हाऊ मायनाच आवाज से ना?" त्यांनी ही कॅसेट कधी ऐकलीच नव्हती. गाण्याच्या मागे झोक्याच्या कड्यांची करकर ऐकू येते, रेकॉर्ड केलं तेव्हाही याच झाडाला बांधलेला होता. आबा काही बोलले नाहीत. बाजेवर उठून बसले आणि कॅसेट संपेपर्यंत बसून राहिले.

संध्याकाळी धाकट्या अक्कांनी सगळ्या 23 कॅसेट पेनड्राइव्हवर मागितल्या. दिल्या. म्हणजे आता एक प्रत धुळ्यालाही आहे.

जुनी एसएसडी तारीख लिहून पाकिटात घातली आहे, वहीच्या शेवटच्या पानात. दिवाळीपर्यंत तिला पुसणार नाही.